खुर्चीसमोरचा आरसा

सलूनमध्ये माणसं एकमेकांशी आरशातून बोलतात. कारागीर मागे उभा, गिऱ्हाईक पुढे खुर्चीत, आणि दोघांची नजरानजर होते ती समोरच्या काचेत. केतकी बिडवेचं लहानपण अशा गप्पा ऐकण्यात गेलं. शाळेतून आली की वडिलांच्या दुकानातल्या बाकावर बसून ती गृहपाठ करायची, आणि पेन्सिलीला टोक करून हवं असलं तर आरशातल्या अप्पांकडेच मागायची. खऱ्या अप्पांची तिच्याकडे पाठ असायची, पण त्याचं तिला कधी काही वाटलं नाही.

एकनाथ बिडवे, म्हणजे अप्पा, यांनी सांगलीत गणपती पेठेच्या तोंडाशी त्रेचाळीस वर्षं सलून चालवलं. माणूस हाताने हलका आणि तोंडाने तिखट. त्यांचे दोन नियम होते. पहिला थट्टेचा. "गिऱ्हाइकाच्या हनुवटीला दोन बोटं लावून मान कुठंबी वळव. मान वळती, डोळं आरशातच राहत्यात. माणूस लई लबाड जनावर हाय बघ." दुसरा नियम मात्र ते मनापासून पाळत. दाढी करताना कारागिराच्या बोटांना पुष्कळ काही लागतं: एखादी गाठ, सूज, वाढत चाललेला तीळ. तरी अप्पा लगेच तोंड उघडत नसत. "हाताला लागलं म्हणून बोलायचं न्हाई. गिऱ्हाईक भेदरतंय. आधी आरशात दिसतंय का बघायचं, मग त्येला दावायचं, आणि मगच डॉक्टरचं नाव काढायचं." या रीतीने त्यांनी निदान चार माणसांना वेळेवर दवाखान्यात धाडलं होतं. त्यातला एक जण पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला पेढे घेऊन येत असे.

अशा घरातली मुलगी घरं सजवायच्या धंद्यात पडली तर आरशावर तिचा जीव असणारच. त्यात काळही आरशांचा आला. लागोपाठच्या पुरांनंतर नदीकाठची वस्ती उठवली गेली आणि शहराच्या उंच अंगाला वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. घरं मात्र काडेपेटीएवढी. हॉलमध्ये दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. केतकी अशा घरात शिरायची, खिडकी कुठे आहे ते बघायची आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर आरसा लावायची. उजेड दुप्पट, खोली दुप्पट, घरमालकीण खूश. पण साध्या आरशाची एक खोड असते, तो चांगलं तेवढंच दुप्पट करत नाही. दोरीवरचे कपडे, लोंबणाऱ्या वायरी, ओल धरलेला कोपरा, हेही सगळं तो इमानेइतबारे दोनदा दाखवतो. गिऱ्हाइकं महिन्याभरात कुरकुर करू लागायची.

म्हणून 'निर्मल' बाजारात आला तेव्हा केतकीला आपली प्रार्थना कुणीतरी ऐकल्यासारखं वाटलं.

निर्मल हा भिंतभर आरसा होता, पण तो प्रकाश परतवत नव्हता. त्याच्या काचेमागे पाऱ्याचा किंवा चांदीचा लेपच नव्हता. तिथे होता एक पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यात मोहरीहून बारीक असे लाखो डोळे, प्रत्येक डोळ्याशेजारी उजेडाचा एक ठिपका. डोळे समोरची खोली टिपत. बघणारा कुठे उभा आहे, त्याची नजर कुठे आहे, हे मोजलं जाई. मग त्या जागेवरून खऱ्या आरशात जे दिसलं असतं, तेच चित्र ठिपके नव्याने काढत, सेकंदाला हजार वेळा. डाव्या डोळ्याला वेगळं, उजव्याला वेगळं, त्यामुळे कितीही डोकावून बघा, हे चित्र आहे असा संशय यायला जागाच नव्हती.

आणि चित्रच काढायचं, तर ते थोडं सावरून काढायला काय हरकत आहे? निर्मलमध्ये वायरी दिसत नसत. ओलीचा डाग दिसत नसे. बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं अर्धी होत. कुणाला काय खुपतं हे आरसा स्वतःच शिकत असे, आणि शिकायची त्याची पद्धत अगदी साधी होती. तुम्ही बघत असताना तो तुमचं कपाळ बघे. ज्या जागेवर नजर गेली की कपाळाला आठी पडते, ती जागा तो जरा मऊ करी. दुसऱ्या दिवशी आठी कमी पडली तर आणखी मऊ. कंपनीचा इंजिनिअर ओजस खाडिलकर मोठ्या कौतुकाने सांगायचा, "मॅडम, आम्ही त्याला सुंदर म्हणजे काय हे शिकवलंच नाही. आम्ही फक्त सांगितलं, माणसाच्या कपाळावरची आठी घालव."

केतकीने दोन वर्षांत एकशे चाळीस घरांत निर्मल बसवला. त्यातला एक स्वतःच्या.

आई गेल्यापासून घरात ती आणि अप्पा दोघंच. दुकान बंद करताना अप्पांनी सगळं विकलं, पण एक खुर्ची सोडली नाही. लोखंडी पायाची, लाल रेक्झिनची, पायाने दाबली की गर्रकन फिरणारी. ती त्यांनी हॉलमध्ये आरशासमोर बोल्टने पक्की करून घेतली आणि दिवसभर तिच्यातच बसू लागले. चहा तिथे, पेपर तिथे, जेवण तिथे. गळ्याभोवती कारागिराचा पंचा बारा महिने गुंडाळलेला. केतकी कामावरून आली की खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहायची, आणि बापलेक आरशातून दिवसभराचं बोलायचे. समोर बसून बोलायची गरजच त्यांना कधी पडली नव्हती.

"चांगलं दिसतंय की गं आपलं घर," अप्पा म्हणायचे. "आणि मीबी."

"तुम्ही कधी वाईट दिसत होता, अप्पा?"

"तुझ्या आईला इचारायला पाहिजे हुतंस."

पावसाळा सरता सरता पाटणकर काकूंचा फोन आला. एकशे चाळीस घरांतलं ते अकरावं घर. हॉलच्या छताचा हातभर गिलावा सोफ्यावर कोसळला होता. काकू नेमक्या स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या.

"अगं, आतून सगळं सडलं होतं म्हणे," काकू अजून धापा टाकत होत्या. "मी रोज सोफ्यावर बसून आरशात बघते. मला काहीच दिसलं नाही गं! मान वर करून छताकडे कोण बघतं?"

केतकीने ओजसला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. सुरुवातीला काकूंना डाग दिसत होता, त्या रोज त्याच्याकडे बघून चिंता करत होत्या, म्हणून आरशाने तो घालवला. यात बिघाड काहीच नव्हता. "सजावटीची वस्तू आहे मॅडम, तपासणीचं यंत्र नाही. करारात स्पष्ट लिहिलंय." केतकीला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं म्हणूनही पटलं असेल. तिने स्वतः उभं राहून काकूंचं छत दुरुस्त करून दिलं आणि विषय मनातून काढून टाकला.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. सकाळी उन्हाची तिरीप खुर्चीवर आली होती. अप्पांचं डोकं जड झालं होतं, म्हणून केतकी त्यांना चंपी करायला उभी राहिली. चंपी तिला अप्पांनीच शिकवलेली. तळहातावर खोबरेल, आधी टाळू, मग कानशिलं, मग मानेच्या शिरा. तिने गळ्यातला पंचा सोडला. नजर सवयीने आरशातल्या अप्पांवर होती. त्यांनी डोळे मिटले होते, चेहरा तुकतुकीत, दाढी गुळगुळीत.

डाव्या कानाखाली तिची बोटं थांबली.

तिथे काहीतरी होतं. सुपारीएवढं, नव्हे, आवळ्याएवढं. दगडासारखं टणक, दाबलं तरी जागचं हलेना. केतकीने आरशात बघितलं. आरशात तिची तेलकट बोटं अप्पांच्या मानेवर टेकलेली होती आणि बोटांखाली मान सरळ, सपाट, तरुण माणसाची असावी तशी. तिने बोटं उचलली. सपाट. पुन्हा टेकवली. हाताला आवळा, डोळ्यांना काही नाही.

मग तिने एक गोष्ट केली जी त्या खुर्चीमागे उभी राहून तिने कधी केली नव्हती. ती वळसा घालून पुढे आली आणि तिने अप्पांच्या तोंडाकडे बघितलं.

ते कुणी वेगळेच गृहस्थ होते. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळपट, रंग मेणासारखा. डाव्या कानाखालची गाठ चांगली डोळ्यांत भरण्यासारखी फुगली होती आणि तिच्यावरची कातडी ताणून चकाकत होती. किती दिवस आपण या माणसाकडे बघितलंच नाही, हे तिला कळेना.

"अप्पा, हे कधीपासून आहे?"

अप्पांनी डोळे उघडले, पण बघितलं आरशात. "ते व्हय? लागतंय हाताला. सात-आठ म्हैनं झालं. दाढी करताना लागलं पयल्यांदा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"आरशात बघितलं की. पयल्या दिवशी दिसलं जरा. दुसऱ्या दिवशी कमी दिसलं. आठ दिसांत गेलं." त्यांनी मान वळवून आरशातली ती सपाट जागा तिला दाखवली. "म्हटलं, जिरतंय. हाताला लागलं म्हणून कुणाला भेदरवायचं न्हाई, आपली रीतच हाय ती."

अप्पा रोज सकाळी त्या गाठीकडे बघून काळजीत पडले होते. आरशाने त्यांची काळजी तेवढी काढून घेतली होती आणि गाठ तिथेच ठेवली होती.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर. पाच-सहा महिने आधी आला असता तर लहानशी शस्त्रक्रिया पुरली असती. आता जबड्याचा तुकडा काढावा लागेल, चेहरा हलवणारी शीरही जाईल. "हे इतकं बाहेर दिसत होतं. घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर बाकावर बसून तिने एकशे चाळीस घरांसाठी निरोप लिहिला. 'तुमच्या भिंतीवरचा आरसा खरं दाखवत नाही. घरातल्या माणसांकडे रोज एकदा समोरून बघा.' दोनच वाक्यं. पाठवण्याआधी तिने ओजसला फोन केला. आरसा बंद करता येईल का, निदान सावरणं शून्यावर आणता येईल का?

"शून्यावरही तो थोडं करतोच मॅडम. आणि पूर्ण बंद केलात तर काळी काच उरेल. मागे लेपच नाही ना. खरं दाखवायची सोयच नाही त्यात." मग तो म्हणाला, "निरोप वगैरे पाठवायच्या आधी एकदा करार वाचा."

"मी आरसा काढूनच टाकते," केतकी म्हणाली. शुद्धीवर आल्यावर अप्पांनाही तिने तसंच सांगितलं. अप्पांच्या तोंडाला बँडेज होतं. त्यांनी तिचा हात दाबला. ते घरी यायच्या आत भिंत मोकळी करायची आणि निरोप त्याच दिवशी पाठवायचा, असं तिने ठरवून टाकलं.

दवाखान्यात अप्पांकडे बघवत नव्हतं. चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली, डोळा मिटत नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. केतकी पुसायची, हसायची, आणि बाहेर येऊन जिन्यात रडायची. रोज दुपारी ती कपडे न्यायला घरी येई. पहिले तीन दिवस आरशात रिकामी खुर्ची होती. ती बघितली की तिला हुंदका फुटे.

चौथ्या दिवशी आरशातल्या खुर्चीच्या हातावर अप्पांचा पंचा दिसला. तिने खुर्चीकडे बघितलं. पंचा नव्हता, तो दवाखान्यात होता. ती चरकली आणि घाईघाईने निघून गेली.

सहाव्या दिवशी दार उघडलं तर आरशातल्या खुर्चीत अप्पा बसले होते.

चेहरा भरलेला, दोन्ही गाल सारखे, डोळ्यांत ती जुनी लबाड चमक. त्यांनी मान उचलून तिच्याकडे बघितलं, जसे ते ती कामावरून आल्यावर बघत. हे काय आहे ते तिला नीट माहीत होतं. रिकाम्या खुर्चीमुळे तिच्या कपाळाला आठी पडत होती, एवढाच त्याचा अर्थ. लाखो बारीक डोळ्यांनी अप्पांना दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ टिपलं होतं, त्यांना अप्पा काढणं काय अवघड? हे सगळं माहीत असूनही ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. हाताला रेक्झिन गार लागलं. आरशात तिचा हात अप्पांच्या खांद्यावर होता.

त्या दिवशी ती दवाखान्यात तासभर उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी दोन तास. दवाखान्यातून अप्पांचा फोन येई, शब्द तुटके, ओले: "निघालीस... का गं?" आणि ती खुर्चीमागे उभी राहून म्हणे, "निघालेच अप्पा, वाटेत आहे." आरशातले अप्पा हसून मान हलवत.

बाराव्या दिवशी सकाळी काचकाम करणारे नूरभाई दोन माणसं घेऊन आले. वीस वर्षं केतकीचे आरसे तेच लावत आणि काढत आले होते. त्यांच्या जागेवरून त्यांना आरशात काय दिसत होतं कुणास ठाऊक. आरसा ज्याला त्याला ज्याचं त्याचं दाखवत असे.

"काढू ना ताई? अप्पा संध्याकाळी येनार म्हनाला हुतासा."

केतकीने आरशाकडे बघितलं. खुर्चीतले अप्पा तिच्याकडेच बघत होते.

"उद्या या, नूरभाई," ती म्हणाली. "आज नको."

निरोपही तिने उद्यावरच टाकला.

संध्याकाळी अप्पा आले. जिन्यापासून खुर्चीपर्यंत त्यांना धरून आणावं लागलं. भिंतीवर आरसा तसाच बघून ते थबकले. मग खुर्चीत बसले आणि त्यांनी समोर बघितलं. समोर धडधाकट एकनाथ बिडवे होते. अप्पांनी ओघळलेल्या गालाला हात लावला. आरशातल्यांनी भरलेल्या गालाला लावला. अप्पा घशातल्या घशात हसले, तो आवाज ऐकवेना.

"माझी पेटी... आन."

दुकानाची जुनी पत्र्याची पेटी तिने पुढ्यात ठेवली. वस्तरा, तुरटी, आणि गिऱ्हाइकाला मानेची मागची बाजू दाखवायचा तो लाकडी मुठीचा छोटा आरसा, कडेने पारा उडालेला. अप्पांनी तो तोंडासमोर धरला. बराच वेळ धरला. टाके, ओघळलेला ओठ, उघडा राहिलेला डोळा, सगळं त्यांनी एखाद्या नव्या गिऱ्हाइकासारखं बारकाईने बघून घेतलं. मग आरसा मांडीवर पालथा ठेवला. त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते तर आता नेहमीच येणार होतं.

त्यांनी पायाने कळ दाबली. खुर्ची गर्रकन फिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अप्पा आरशाकडे पाठ करून तिच्यासमोर बसले.

"केतके," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "माझ्याकडं... बघ."

"बघतेय ना अप्पा."

ती बघत होती, पण त्यांच्या डोक्यावरून पलीकडे. खरं तर आता आरशात अप्पांची पाठ दिसायला हवी होती. टक्कल, मानेवरची पट्टी, खुर्चीचं लाल रेक्झिन. पण आरशातले अप्पा वळलेच नव्हते. ते तोंड तिच्याकडे करूनच बसले होते, सरळ ओठांचे, हसरे, आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली केतकी किती दिवसांनी शांत दिसत होती. कपाळावर एकही आठी नव्हती.

अप्पांनी तिची नजर कुठे आहे ते ओळखलं. ही नजर त्यांनी आयुष्यभर बघितली होती. त्यांचा हात वर आला, तिच्या हनुवटीला दोन बोटं लागली. तीच हलकी बोटं, आणि त्यांनी तिचं तोंड सावकाश आपल्याकडे वळवलं.

केतकीची मान वळली. डोळे आरशातच राहिले.